वाचनयंत्र : घ्यावे की न घ्यावे?



आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात एक लहानसा वाद उत्पन्न झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. वादाचे कारण म्हणजे एक वाचनयंत्र. त्याला इंग्रजीत ई-रीडर म्हणतात. पण ज्याप्रमाणे कोणत्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत आलो, त्याप्रमाणे कोणत्याही कंपनीच्या ह्या यंत्राला लोक किंडल म्हणूनच ओळखतात. माझा मुलगा इंदूरला नुकताच नोकरीस लागला आहे. पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून त्याने हे यंत्र आपल्या आजोबांसाठी, म्हणजे माझ्या मामंजींसाठी, आणले.

मामंजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची सारी नोकरी नेपानगरच्या कागद कारखान्यात झाली. वर्तमानपत्राचा कागद तयार करणारा देशातला पहिला कारखाना तो हाच. १९५५ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. अशा ठिकाणी उमेद घालवलेल्या माणसाला कागदाचा अभिमान असावा, यात नवल नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, चष्मे दोनदा बदलले, तरी त्यांना आता बारीक अक्षर लागत नाही. वर्तमानपत्राचे मथळे वाचावयाचे आणि पुढचा मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यावयाचा, असा त्यांचा क्रम झाला होता.

नातवाने यंत्र हातात दिले तेव्हा त्यांनी प्रथम काय केले असेल? यंत्राची कडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून, कागदाची जाडी अजमावावी तशी चाचपून पाहिली, आणि विचारले, “याचा कागद कुठला?”

प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. या यंत्राच्या पडद्याला त्याचे निर्माते विजेचा कागद असेच म्हणतात. आपल्या फोनचा पडदा स्वतः उजेड टाकतो आणि तो उजेड सरळ आपल्या डोळ्यांत येतो. या पडद्याची रीत निराळी आहे. त्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे कण आणि काळे कण एका स्वच्छ द्रवात तरंगत असतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युत्‌भार असतो. विजेचा सूक्ष्म संकेत मिळाला की कोठे काळे कण वर येतात, कोठे पांढरे. आणि त्यांतून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवून ठेवावयास मात्र वीज लागत नाही. ती लागते केवळ पान उलटताना, म्हणूनच एकदा भारित केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. वाचणारा वाचतो तो खोलीतल्या किंवा अंगणातल्या प्रकाशाने, जसा आपण कागद वाचतो तसा. अलीकडच्या यंत्रांत रात्रीसाठी कडेने बारीक दिव्यांचीही सोय असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात ही कल्पना आकारास आली आणि तिच्या जोरावर १९९७ साली ई इंक नावाची कंपनी स्थापन झाली. मामंजींना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे लगदा नाही, सालईचे लाकूड नाही, पाणी नाही. बरे आहे. पण हा कागद विकला कोणी, आणि तो आहे कोणाचा?”

श्रोतेहो, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जे मला कळले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पहिला प्रश्न विकणाऱ्याचा. विजेच्या कागदाचे यंत्र प्रथम बाजारात आणले ते जपानच्या सोनी कंपनीने, २००४ साली. त्याचे नाव लिब्रिए. यंत्र सुरेख होते. परंतु त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी आपोआप वाचता येईनासे होई. पुस्तक विकत घ्यावयाचे नव्हतेच, ते दोन महिन्यांच्या भाड्याने घ्यावयाचे होते. वाचकांना ते रुचले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत अॅमेझॉनने आपले किंडल काढले. किंमत ३९९ डॉलर, म्हणजे काही स्वस्त नव्हे. तरीही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. पुढे बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांनी २००९ साली नूक काढले, २०१० साली कॅनडातून कोबो आले, आणि चढाओढ सुरू झाली. चार वर्षांत, म्हणजे २०११ साली, जाहिराती दाखविणारे सर्वांत साधे किंडल ७९ डॉलरला मिळू लागले.

व्यापाऱ्याने आपला माल इतका उतरविला, की शहाण्या गिऱ्हाइकाने थांबून विचार करावा. यामागचे गमक २०१२ साली अॅमेझॉनच्या संस्थापकांनीच उघडपणे सांगितले. यंत्र आम्ही पडत्या किमतीला विकतो, त्यावर नफा घेत नाही. लोक त्याचा वापर करतात तेव्हा आम्हांस मिळकत होते, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. अर्थात यंत्र हा माल नव्हे, तो दुकानाचा दरवाजा आहे. एकदा दरवाजातून आत आलेला वाचक पुढची सारी पुस्तके त्याच दुकानातून घेईल, हा हिशेब. तो पुष्कळ अंशी खरा ठरला. आणि ज्यांचा हिशेब जमला नाही, ते बाजारातून गेले. सोनीने २०१४ साली या धंद्यातून अंग काढून घेतले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ च्या अखेरीस ई-पुस्तकांचे दुकान मांडले आणि २०१५ च्या डिसेंबरात ते आवरून वाचकांची पुस्तके कोबोच्या हवाली केली. चीनसारख्या अफाट देशात किंडलचे पुस्तकांचे दुकान ३० जून २०२३ रोजी बंद झाले. अशी ही वीस वर्षांची उलथापालथ आहे.

आपल्या देशात या यंत्राची वाट प्रथम अहमदाबादच्या इन्फिबीम कंपनीने चोखाळली. २०१० च्या जानेवारीत तिने पाय नावाचे यंत्र काढले. किंमत ९,९९९ रुपये, आणि भारतीय भाषा वाचण्याची सोय. उपक्रम टिकला नाही, पण हेतू योग्य होता असे म्हणावयास हरकत नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये किंडल अधिकृतपणे भारतात आले, ६,९९९ रुपयांना. त्यावर इंग्रजी पुस्तकांचा समुद्र होता, पण मराठी वाचकाला त्यातला थेंबही प्यावयास नव्हता. हिंदी, मराठी, गुजराती, तामीळ आणि मल्याळम या पाच भाषांतील पुस्तकांचा विभाग त्या दुकानात उघडला तो डिसेंबर २०१६ मध्ये. मूळ यंत्र निघाल्यापासून आपल्या भाषेला नऊ वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले.

हा विलंब का झाला? एक कारण बाजाराचे. पण दुसरे आपल्या लिपीचे. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत तसे नाही. ‘कि’ लिहिताना यंत्र आधी ‘क’ लक्षात ठेवते आणि मग वेलांटी; परंतु दाखवावयाची मात्र वेलांटी आधी. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍या’ यांच्या घडणीचे तर स्वतंत्र नियम आहेत. हे नियम ज्या यंत्राला शिकविलेले नसतात, त्यावर मराठी मजकूर फुटलेल्या कवडीसारखा दिसतो. शिवाय युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीला १९९१ पासून स्थान असूनही, आपले मुद्रक पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या खासगी टंकांत पुस्तके जुळवीत राहिले. प्रत्येक टंकाचा संकेत वेगळा. तीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळविलेले पुस्तक आज वाचनयंत्रावर आणावयाचे तर त्याचे अक्षर न्‌ अक्षर नव्या संकेतात उतरवावे लागते आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. प्रकाशकाला हा खर्च जड जातो, आणि तो ई-पुस्तक म्हणून पानांची छायाचित्रेच पुढे करतो.

येथे मामंजींच्या दृष्टीने फार मोठा फरक पडतो, म्हणून तो नीट सांगते. पीडीएफ नावाची जी पुस्तके आपण फोनवर एकमेकांना पाठवितो, त्यांत पानाची मांडणी कायमची ठरलेली असते. मोठ्या पानाचे पुस्तक हाताएवढ्या पडद्यावर आणले की अक्षर मुंगीएवढे होते. ते ताणून मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला पान डावीकडे-उजवीकडे सरकवीत बसावे लागते. याउलट युनिकोडमध्ये जुळविलेल्या खऱ्या ई-पुस्तकात अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. पाण्याने भांड्याचा आकार घ्यावा तसा मजकूर पडद्याचा आकार घेतो. दृष्टी अधू झालेल्या माणसाला वाचनयंत्राचा जो लाभ आहे तो एवढ्या एका गोष्टीत आहे. आणि पीडीएफने तो लाभ मिळत नाही. मुलाने पहिल्याच दिवशी यंत्रात अशी चाळीस पीडीएफ पुस्तके भरली होती. मामंजींनी अर्ध्या तासात यंत्र उशाला ठेवून दिले. नंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ युनिकोडमध्ये मिळाली. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो, त्यामुळे ते सर्वांना खुले आहे. अक्षर बोटाच्या पेराएवढे केले. त्या संध्याकाळी देवघरासमोरची प्रार्थना झाल्यावर मामंजी जे वाचावयास बसले ते जेवणाची पाने मांडली तरी उठले नाहीत. चार वर्षांनी ते स्वतः, कोणाच्या मदतीवाचून, एक मराठी पुस्तक वाचीत होते. त्यांचा उजळलेला चेहरा पाहिला आणि यंत्राविरुद्ध बोलण्याचा माझा अर्धा उत्साह मावळला.

उरलेला अर्धा का मावळला नाही, तेही सांगितले पाहिजे. परंतु त्याआधी आम्हां बऱ्हाणपूरकरांची स्थिती आपल्या ध्यानात यावी.

१९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आमचा प्रदेश ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या बरोबरीने मराठीही राज्यभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मराठी जिल्हे तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. तापीच्या काठच्या घराघरांतली मराठी काही पुनर्रचनेने पुसली गेली नाही. परंतु मराठी पुस्तक मात्र सीमेपलीकडचे झाले. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून गावोगावच्या वाचनालयांना हात दिला. तो हात साहजिकच त्या राज्याच्या हद्दीतला. आमच्या मुलांना मराठी पुस्तक हवे असले तर भुसावळला किंवा जळगावला जाणाऱ्या कोणास तरी सांगून ठेवावे लागे. मी वर्गात शिकविते ती मुले घरी आजीशी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी वाचतात. आमचा जिल्हा केळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण ‘केळे’ लिहावयास जो ‘ळ’ लागतो, तो त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या हिंदी धड्यांत भेटत नाही. रोज तोंडात असलेले अक्षर डोळ्यांनी कधी पाहिलेले नाही, अशी ही चमत्कारिक निरक्षरता आहे.

अशा मुलखात, पुण्यामुंबईचे पुस्तक मिनिटभरात हाती देणारे साधन आले तर ते आम्हांस नको का असेल? पुण्याचे बुकगंगा छापील पुस्तकांबरोबर मराठी ई-पुस्तकेही विकते. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य वाटते. मराठी विश्वकोशाचे खंड आज महाजालावर कोणालाही वाचता येतात. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, उताराच्या जोरावर, शहरापर्यंत आणण्याची ती योजना खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळातली, १६१५ च्या सुमाराची. डोंगरात पाणी होतेच. शहराची तहान भागली ती ते आणणारा मार्ग झाला तेव्हा. मराठी ग्रंथांच्या बाबतीत वाचनयंत्र हा तसाच एक मार्ग आहे. पण मार्गाविषयी नेहमी एक प्रश्न विचारावा लागतो: त्याची किल्ली कोणाच्या हाती?

हा मामंजींचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मला एका नुकसानीने शिकविले. काही वर्षांपूर्वी मी एका ई-पुस्तकांच्या दुकानातून सात मराठी पुस्तके पैसे भरून घेतली होती. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. फोनवर ती वाचीत असे. पुढे ते दुकान बंद झाले, माझा फोनही बदलला, आणि नव्या फोनवर ती पुस्तके उघडेनात. चौकशीला उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. पावत्या तेवढ्या राहिल्या. त्या सातांपैकी दोन माझ्या वाचावयाच्याच होत्या.

हे मी मामंजींना सांगितले तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमचा कारखाना मध्यंतरी काही वर्षे बंद होता. पण आम्ही धाडलेला कागद कोणाच्या घरातून परत नाही मागवला.”

श्रोतेहो, त्यांचा कारखाना २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्या वाक्यात या साऱ्या बाजाराचे मर्म आले आहे. छापील पुस्तक विकले की विकणाऱ्याचा त्यावरील हक्क संपतो. तो दिवाळे काढो की दुकान विको, माझे पुस्तक माझ्या फळीवर राहते. ई-पुस्तक घेताना आपण बहुधा पुस्तक घेत नाही. ते वाचण्याचा परवाना घेतो. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून घेतल्या. त्या प्रती विकणाऱ्याला तसा हक्क नव्हता, हे कारण खरे. पैसेही परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी पुढे क्षमाही मागितली. पण घरात ठेवलेले पुस्तक दुकानदार न विचारता नेऊ शकतो, हे जगाला त्या दिवशी कळले. २०१९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही वाचता येईनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला असून, असा माल विकताना आपण मालकी देत नसून केवळ परवाना देत आहोत, हे दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे असे तो म्हणतो. आपल्याकडच्या करव्यवस्थेतही हाच भेद आढळतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तक मात्र वस्तू नव्हे, सेवा मानले जाते. त्यावर आधी १८ टक्के कर होता, तो २०१८ च्या जुलैमध्ये, छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता, ५ टक्क्यांवर आणला गेला.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? वाचून झाले की काम झाले. पण ग्रंथ टिकतात कसे, याचा एक जुना दाखला आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे, तो सांगते. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पण मराठीच्या लिपीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून आपल्या भाषेचे गोडवे गाणारा तो ग्रंथ रोमन लिपीत निघाला. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे व्याकरण छापले ते १८०५ साली, दूर बंगालमधील श्रीरामपुरात, विल्यम कॅरी यांनी. नवे यंत्र आले की मराठीने काही काळ दाराबाहेर उभे राहावे, ही रीत अशी जुनीच आहे. पण मला सांगावयाचे आहे ते पुढचे. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी हाताने नकलून घेतल्या प्रतींमुळे. कोणी आपल्यासाठी उतरवून घेतली, कोणी लेकीला दिली, कोणी शेजारच्या गावी पाठविली. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सल्डाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो ग्रंथ पुन्हा छापला. यंत्राने छापलेले गेले आणि माणसांनी एकमेकांना दिलेले राहिले. ज्या पुस्तकाची प्रत करता येत नाही, जे उसने देता येत नाही, जे मुलाबाळांच्या वाटणीस जात नाही, त्याचे तीनशे वर्षांनी काय होईल, याचा विचार आपण केला पाहिजे.

तेव्हा घ्यावे की न घ्यावे? मी शिक्षिका आहे. माझ्याकडून एक सरळ उत्तर आपणांस हवे असेल. माझे उत्तर असे की, घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून घ्यावे, आणि त्याआधी तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: यावर मराठी अक्षर मोठे करता येते का? यंत्र दुकानात पाहावे तेव्हा इंग्रजी पान पाहून भुलू नये. जोडाक्षरे असलेला मराठी परिच्छेद उघडून दाखवावयास सांगावे. दुसरा प्रश्न: त्या एकाच दुकानाबाहेरचे पुस्तक यावर वाचता येते का? ईपब नावाचा जो खुला नमुना आहे, त्यातली पुस्तके पुष्कळ यंत्रांवर चालतात. एका दुकानाच्या कुलपातली पुस्तके त्या दुकानाबरोबरच राहतात आणि त्याच्याबरोबरच जातात. तिसरा प्रश्न: हे दुकान उद्या बंद झाले तर माझे पुस्तक माझ्यापाशी राहील का? याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते पुस्तक भाड्याचे आहे असे समजावे आणि भाड्याएवढीच किंमत द्यावी. जे पुस्तक आयुष्यभर हवे, ते कागदावर घ्यावे.

मराठी प्रकाशकांना माझी विनंती एवढीच आहे, की त्यांनी आपली पुस्तके युनिकोडमध्ये जुळवून ठेवावी आणि पानांच्या छायाचित्रांवर आमची बोळवण करू नये. अधू दृष्टीचा वाचक हा जन्मभर पुस्तके विकत घेत आलेला वाचक असतो. वयोमानाने त्याची दृष्टी कमी झाली म्हणून त्याची वाचनाची भूक कमी झालेली नसते. आणि आम्हां वाचकांकडूनही एक गोष्ट व्हावयास हवी. चालू लेखकाच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ फोनवरून फिरविणे आपण थांबविले पाहिजे. पैसे देणारा वाचक दिसला नाही, तर प्रकाशक ई-पुस्तक काढील कशाच्या आधारावर?

किमतीचा विचारही सोडता येत नाही. अमेरिकेत उतरलेली किंमत आपल्याकडे तशी उतरली नाही. रंगीत पडद्याची वाचनयंत्रेही बाजारात आली. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये किंडलचे पेपरव्हाइट हे नवे यंत्र भारतात आले ते १६,९९९ रुपयांना. माझ्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांनी मराठी पुस्तकांच्या कपाटासाठी जवळजवळ तेवढीच रक्कम जमवून माझ्या स्वाधीन केली होती. सहकाऱ्यांपैकी एकीने सुचविले, बाई, एक यंत्रच घ्या, हजार पुस्तके मावतील. मी पुष्कळ विचार केला. अडीचशे रुपयांचे एक पुस्तक धरले तर तेवढ्या पैशांत अडुसष्ट पुस्तके येतात. यंत्रात हजार पुस्तके मावतील हे खरे. पण ते एका वेळी एकाच मुलाच्या हाती जाईल. अडुसष्ट पुस्तके अडुसष्ट घरी जातात. आजी ती चाळते, धाकटी बहीण त्यांवर रेघोट्या ओढते, आणि एखादे परत येत नाही, तेव्हा ते कोणाच्या तरी घरी मराठी म्हणून राहते. मी पुस्तके घेतली.

म्हणून आमच्या घरचा वाद मिटला नाही असे मी आरंभी म्हटले, तो आता असा आहे: शाळेच्या कपाटात कागद, आणि मामंजींच्या उशाशी यंत्र. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, असे मी म्हणते. मुलगा म्हणतो, शाळेलाही एक यंत्र देऊ. आणि मामंजी दोघांचेही ऐकून घेतात.

माझ्या वर्गातला एक मुलगा दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येतो. त्याचे वडील यंत्रमागावर कामाला आहेत. त्याला मराठी बोलता येते, वाचताना अडखळतो. मामंजींचे डोळे थकले की तो वाचतो, तो अडला की मामंजी सांगतात. अक्षर एवढे मोठे केलेले असते की दोघांनाही एका बाजेवर बसून ते दिसते. मागच्या शनिवारी तो एका शब्दापाशी थांबला आणि पडद्यावर बोट ठेवून विचारू लागला, “बाबा, हे कोणते अक्षर?” मामंजी म्हणाले, “ते ‘ळ’. तुझी आजी रोज म्हणते ते.” त्याने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि पुढे वाचू लागला. जाताना त्याने शाळेच्या कपाटातले एक पुस्तक मागून नेले आहे. ते परत कधी येईल, याची मला घाई नाही.